वायफाय स्लो म्हणून कस्टमर केअरला फोन लावला आणि ४३,७४९ रुपये गेले

प्लॅन २०० एमबीपीएसचा, पण स्पीड टेस्ट ९४ च्या वर जाईना. राउटर बंद-चालू केला, जागा बदलली, फरक शून्य. नेटवर कंपनीचा नंबर शोधला, सगळ्यात वर दिसला तो लावला. तो जाहिरात देऊन वर आणलेला बोगस नंबर होता. नंबर बिलावरून किंवा कंपनीच्या ॲपमधूनच घ्या.

त्याने लॅपटॉपवर काळी विंडो उघडायला लावून ‘नेटस्टॅट’ टाइप करून घेतलं. लॅपटॉप नेटवर कुठेकुठे जोडलाय त्याची लांबलचक यादी आली. “फॉरेन ॲड्रेस दिसतायत ना सर? एवढे हॅकर तुमच्या राउटरवर बसलेत.” साफ खोटं! कुठलीही साधी वेबसाइट उघडली तरी तिचा पत्ता त्याच रकान्यात येतो.

खरा कस्टमर केअरवाला आधी कस्टमर आयडी किंवा रजिस्टर्ड मोबाइल नंबर विचारतो. याने शेवटपर्यंत विचारला नाही. तिथेच फोन ठेवायला हवा होता, आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. पण समोरचा पिंग, चॅनेल, डीएनएस असं घडाघडा बोलतोय, इकडे ऑफिसची मीटिंग अडकलीय, अशा वेळी कोणाला शंका येते? मी काही अडाणी नाही, नेट बँकिंग रोजचं आहे.

‘फायरवॉल लायसन्स’चे ४,९९९ कार्डाने भरले. मग मोबाइलचा स्पीड तपासायचा म्हणून स्क्रीन शेअरचं ॲप टाकायला लावलं. कार्डाचा नंबर त्याच्या फॉर्ममध्ये गेलेलाच होता, आता माझ्या स्क्रीनवरचे ओटीपीही त्याला दिसू लागले. २८,९५० गेले. असं ॲप कोणीही सांगितलं तरी टाकू नका. टाकलं असेल तर आधी नेट बंद करा, मग सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा.

बँकेला लगेच कळवलं. कार्ड ब्लॉक करतो म्हणाले, आणि त्यानंतर आणखी ९,८०० गेले! रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक स्पष्ट सांगतं की चूक ग्राहकाची असली तरी कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. शाखेत एकच पालुपद, “ओटीपी तुमच्याच मोबाइलवर आला होता.” माझा कळवण्याचा फोन बँकेला किती वाजता आला, हे लेखी द्यायला कोणी तयार नाही. तक्रार क्रमांक मागितला तर “सिस्टिम डाउन आहे.” पोलीस चौकीत म्हणाले, सायबरकडे जा; सायबरवाले म्हणाले, आधी बँकेचं पत्र आणा. बँक पत्र देत नाही. चोराला पैसे उचलायला मिनिटं पुरतात, आम्ही मात्र झेरॉक्स घेऊन टेबलं फिरायची! कॉल लॉगचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, माझ्याकडे तेवढाच पुरावा आहे.

आणि स्पीडचं कारण काय निघालं? मोडेम ते राउटरची केबल. गिगाबिटला (म्हणजे १००० एमबीपीएसला) केबलमधल्या आठही तारा लागतात, एक तुटली की जोडणी १०० वर उतरते. केबल बदलली, १९० च्या पुढे गेला.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माझा अर्ज लिहून तयार आहे, ९,८०० तरी मी सोडणार नाही.