छोटा सबवूफर, दणदणीत बेस आणि डोक्याला ताप देणारा ऑटो-ऑन : काही महिने वापरल्यानंतर

स्पेक्स परत लिहीत नाही, आठ इंची ड्रायव्हर (म्हणजे आवाज काढणारा स्पीकर), बंद खोका, मागे क्लास डी अँप (कमी तापणारा अ‍ॅम्प्लिफायर), बाकी सगळीकडे आहेच. लिहायला बसलोय ते सर्व्हिस सेंटरच्या उत्तरामुळे. तक्रार एवढीच होती की सब, म्हणजे हा सबवूफर (फक्त खोल बेस वाजवणारा स्पीकर), सिनेमा चालू असताना झोपतो, म्हणजे आपोआप बंद होतो. उत्तर आलं "सर हे नॉर्मल आहे, प्रॉडक्टमध्ये फॉल्ट नाही" आणि तक्रार बंद. वर समाधान झालं का म्हणून स्टार मागणारा मेसेज. दिला एक स्टार.

आधी चांगलं सांगतो, नाहीतर म्हणाल नुसता रडतोय. एवढ्याशा डब्यातून एवढा खोल बेस येईल असं मला अजिबात वाटलं नव्हतं. बंद खोक्यातली हवा स्प्रिंगसारखी वापरायची ही आयडिया जुनीच, एडगर व्हिल्चरने 1954 मध्ये एआर-1 स्पीकरात हेच केलं होतं. पण खोका जेवढा लहान तेवढी ती स्प्रिंग कडक, सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा दाबून बघा, तसं. त्यामुळे एका मर्यादेखाली कोन (ड्रायव्हरचा पुढेमागे हलणारा पडदा) नीट हलतच नाही आणि आवाज प्रत्येक ऑक्टेव्हला, म्हणजे फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की, 12 डेसिबलने उतरत जातो. मग कंपनीवाले काय करतात, कोन जड देतात, मॅग्नेट भलाथोरला, कडेचं रबर जाडजूड म्हणजे कोन लांबपर्यंत पुढेमागे जाऊ शकतो, आणि खालच्या फ्रिक्वेन्सी अँपमध्येच आधी वाढवून घेतात. आता 40 हर्ट्झला जेवढा आवाज आहे तेवढाच 20 ला पाहिजे तर कोनला चौपट हलावं लागतं आणि पॉवर लागते सोळापट. म्हणून या एवढ्याशा गोष्टीत शेकडो वॅटचा अँप कोंबलाय, आणि तो क्लास डी नसता तर आतल्या आत भाजून निघाला असता.

तर पहिले काही आठवडे मी खूश होतो, येईल त्याला हेलिकॉप्टरचे सीन लावून दाखवत होतो. नंतर एक गोष्ट लक्षात आली, आवाज बराच वाढवला की सब फाटत नाही पण सगळ्यात खालचा बेस गुपचूप कमी होतो. लिमिटर आहे, कोनला वाचवतो. चालेल, एवढ्या साइझमध्ये अजून काय मागणार, आणि त्या आवाजाला रोज बघतो कोण.

आता खरा वैताग. ऑटो-ऑन. सिग्नल आला की चालू, वीसेक मिनिटं आला नाही की बंद. ऐकायला छान. पण क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचाच आवाज सबकडे जातो ती सीमा) 80 हर्ट्झला आहे आणि पुरुषी आवाजसुद्धा साधारण त्याच्या वरच सुरू होतो, म्हणजे नुसते डायलॉग चालू असतील तर सबकडे जवळपास काहीच जात नाही. घरातले झोपलेत, आवाज कमी, पात्रं निवांत बोलतायत, हा मागे लाल दिवा लावून झोपला. मग सिनेमात दार फुटतं, मेन स्पीकर वाजतात, मागून टक असा रिलेचा आवाज आणि सेकंदाने बेस. स्फोट होऊन गेल्यावर धक्का! एकदा कळलं ना की मग सिनेमा बघताना सगळं लक्ष त्या दिव्याकडेच जातं, माझं तर कायमचं गेलंय.

"मग ऑलवेज ऑन ठेवा ना" असं सगळे सांगतात. ठेवला असता, पण काही न वाजवता दहा वॅट खातो, चोवीस तास म्हणजे महिन्याला सात युनिट. रक्कम मोठी नाही, मान्य, पण घरात कोणी ऐकत नसताना डब्याला वीज का पाजायची? आणि सर्व्हिसवाल्यांचा तोडगा होता की वापर झाला की भिंतीवरचं बटण बंद करा. मग ऑटो-ऑन छापलंय कशाला खोक्यावर?

शेवटी अर्धा उपाय सापडला तो असा. सबचं गेन नॉब (सबचा स्वतःचा आवाज ठरवणारं) अर्ध्यावर होतं (मॅन्युअलमध्ये तसंच सांगितलंय), त्यामुळे रिसीव्हरच्या (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा डबा) ऑटो कॅलिब्रेशनने, म्हणजे स्पीकरांचे आवाज आपोआप जुळवणाऱ्या सोयीने, सबची लेव्हल जवळजवळ उणे दहा डेसिबलपर्यंत खाली नेली होती, म्हणजे केबलमधून सिग्नलच बारीक येणार, तो सेन्सरला कळणार कसा. नॉब पाव भागावर आणलं, कॅलिब्रेशन परत केलं, लेव्हल शून्याच्या आसपास आली. कानाला बेस तेवढाच, पण सबला सिग्नल आता तगडा मिळतो. झोपणं बरंच कमी झालं. पूर्ण गेलं नाही, लांबलचक संवादांचा सिनेमा असला की अजून डुलकी मारतोच. त्यामुळे सुरुवातीला दहापैकी नऊ देत होतो, मधे रागात चार, आता सात.

तो सातसुद्धा बेसच्या जोरावर. कारण याच्यावरच्या मॉडेलला 12 व्होल्ट ट्रिगरचा जॅक आहे, रिसीव्हर चालू की सब चालू, रिसीव्हर बंद की सब बंद, विषय संपला. ह्यात तो नाही. फोनचं अ‍ॅप दिलंय, त्यात मूव्ही, म्युझिक, नाइट मोड दिलेत, आणि एक साधं भोक वाचवलंय. घेणार असाल तर फोटोत आधी मागची बाजू बघा, आणि जॅक असेल तर आपल्या रिसीव्हरला ट्रिगर आउट आहे का तेही बघून घ्या, स्वस्तातल्या बऱ्याच रिसीव्हरना नसतं.