प्राचीन ग्रीक स्वयंचलन: प्रदर्शनासाठी कोणतं यंत्र करावं?

विज्ञान प्रदर्शनासाठी ग्रीक यंत्र करायचं ठरलं की आधी आठवतो हेरॉनचा वाफेचा गोळा. तो गरगर फिरतो, गर्दीही जमते. पण विषय स्वयंचलनाचा असेल तर तो सोडा. दोन वाकड्या नळ्यांतून वाफ सुटते आणि गोळा फिरतो, एवढंच; तो स्वतःला आवरत नाही की ठरलेला क्रम पाळत नाही. शिवाय नळ्या तुंबल्या तर दाब वाढून भांडं फुटतं. मुलांच्या हाती तो देऊच नये.

निवड करायची ती टेसिबियसचं जलघड्याळ (इ.स.पू. तिसरं शतक) आणि हेरॉनची आपोआप चालणारी गाडी (इ.स. पहिलं शतक) यांत. दोघेही अलेक्झांड्रियाचे ग्रीक संशोधक.

जलघड्याळ पाण्याच्या धारेवर वेळ मोजतं, पण भोकाच्या भांड्यात पाणी उतरेल तशी धार मंदावते. उंची 10 सेंमीवरून 2.5 सेंमीवर आली की प्रवाह निम्मा. म्हणून उंची स्थिर हवी. अभ्यासकांनी मांडलेल्या रचनेत तरंगता शंकू हे काम करतो: पाणी चढलं की तो वरच्या नळीचं तोंड बंद करतो, उतरलं की उघडतो. टाकीतला बॉलकॉक हाच. आपल्याकडचं घटिकापात्र (पाण्यावर ठेवलेली, हळूहळू भरून बुडणारी भोकाची वाटी) दर 24 मिनिटांनी माणसाने पुन्हा पाण्यावर सोडावं लागे. इथे माणूस लागत नाही, आणि म्हणूनच हे यंत्र मोलाचं. 10 सेंमी उंचीला 1 मिमी भोकातून मिनिटाला साधारण 40 मिली पाणी येतं. 10 सेंमी व्यासाच्या सरळ बरणीत पातळी मिनिटाला अर्धा सेंमी चढते. बरणीत बूच, त्यावर काटा, मागे पट्टी. बिघाड बहुधा भोकातच होतो: क्षार साचतात. टेसिबियसने भोक सोन्याचं किंवा छिद्र पाडलेल्या रत्नाचं केलं होतं, झिजू नये आणि तुंबू नये म्हणून. तुम्ही पाणी गाळून घ्या.

गाडी अवघड, पण तिच्यात चक्क प्रोग्राम आहे. उभ्या नळीत मोहरीसारखे बारीक दाणे, त्यांवर शिशाचं वजन. दाणे खालच्या भोकातून गळतात, वजन सावकाश उतरतं आणि आसावर गुंडाळलेली दोरी ओढतं. आस 1 सेंमी, चाक 6 सेंमी व्यासाचं असेल तर वजन 30 सेंमी उतरताना गाडी 180 सेंमी जाते. आसावरच्या खुंटीला अडकवून दोरी उलटी गुंडाळली की गाडी मागे येते. मध्ये ढील ठेवली की थांबते. दाणे दमट असले तर अडकतात, फरशी गुळगुळीत असली तर चाकं घसरतात.

वेळ कमी असेल तर घड्याळ करा. आठवडाभर हाताशी असेल आणि मुलांना प्रोग्रामिंग दाखवायचं असेल तर गाडी. फक्त दोरी गुंडाळताना शेवटची हालचाल सर्वांत आधी गुंडाळा.