दिवाळीसाठी क्विलिंग किट: टूल आणि बोर्ड झकास, कागद मात्र वेगळा आणा

यंदा दारावरचं तोरण आणि पाटाभोवतीची रांगोळी दोन्ही क्विलिंगचीच, म्हणजे कागदाच्या अरुंद पट्ट्या गुंडाळून केलेल्या नक्षीचीच, करायची म्हणून ऑनलाइन एक 'दिवाळी स्पेशल' किट मागवलं, साडेचारशेच्या आसपास पडलं, आणि आता सगळं करून झाल्यावर मनापासून सांगते की किट जरूर घ्या पण त्यातल्या कागदावर विसंबून राहू नका.

आत काय काय येतं तर फट असलेलं टूल, सुईसारखं टोकदार टूल, चिमटा, वर्तुळांचा बोर्ड, पट्टीचे फास विणायचा कंगवा, गोंदाची छोटी बाटली आणि ३ आणि ५ मिमीच्या रंगीत पट्ट्या. यातलं फटीचं टूल खरंच छान आहे, फट एकदम बारीक आहे त्यामुळे गुंडाळीच्या मधोमध जो कागद दुमडल्यासारखा दिसतो ना तो जवळपास दिसतच नाही. आणि बोर्डाला तर तोडच नाही. गुंडाळी नुसती टेबलावर सोडली की प्रत्येक वेळी वेगळी उघडते, एक मोठी एक लहान, मग कमळाच्या पाकळ्या एकसारख्या येणार कशा? बोर्डावरच्या वर्तुळात सोडली की ती कडेपर्यंतच पसरते, पुढे जाऊच शकत नाही.

मला सगळ्यात जास्त मजा आली ती कोयऱ्या करताना. ३ मिमीची पट्टी फटीत अडकवायची, ताण न सोडता गुंडाळत न्यायची, टूल अलगद बाहेर काढायचं, गुंडाळी वर्तुळात टाकून सैल होऊ द्यायची, मग चिमट्याने तिचा मधला भाग एका बाजूला ओढून धरायचा आणि टोकाला गोंदाचा ठिपका लावून चिकटवायचं. आता समोरची बाजू चिमटीत दाबली की झाला थेंब, आणि त्या टोकाला नखाने जरासा बाक दिला की पैठणीच्या काठावर असते तश्शी कोयरी! आतले सगळे वेटोळे एका बाजूला दाट आणि दुसरीकडे विरळ होत जातात ते इतकं सुरेख दिसतं की बघतच राहावं.

आता कागदाचं. किटमधल्या पट्ट्या फारच पातळ आहेत, प्रिंटरचा साधा कागद ७५-८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) असतो तसाच काहीसा हाताला लागतो, त्यामुळे गुंडाळी सोडली तरी नीट उमलत नाही आणि गोंद लागला की मऊ पडते. क्विलिंगला १०० ते १२० जीएसएमचा कागद हवा, त्याला स्वतःची अशी उसळी असते. शिवाय पट्ट्यांची रुंदी सारखी नाहीये, कुठे कमी कुठे जास्त, म्हणजे गुंडाळीचा वरचा भाग खालीवर होतो आणि तो कितीही दाबला तरी सपाट होत नाही. पुण्यात असाल तर बोहरी आळी किंवा अप्पा बळवंत चौक, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट, तिथे रंगानुसार सुटे गठ्ठे बघा, आणि घेताना गठ्ठा टेबलावर उभा आपटून कड एका पातळीत येते का ते बघूनच घ्या.

सोनेरी कडेच्या पट्ट्या पण वेगळ्या मिळतात, त्या थोड्या तरी घ्याच. १७व्या-१८व्या शतकात युरोपातल्या मठांमध्ये नन अशाच सोनेरी मुलामा दिलेल्या कडांच्या पट्ट्या गुंडाळून संतांच्या अवशेषांच्या पेट्या सजवायच्या, लांबून बघणाऱ्याला ते सोन्याचं तारकाम वाटावं असं. आपल्याकडे संध्याकाळी दिव्यांच्या माळेचा उजेड त्या कडांवर पडला की ते काय वाटत असेल ते लगेच कळतं.

किटमधला गोंद पाणचट आहे, तो बाजूला ठेवून सरळ फेविकॉल घ्या आणि टूथपिकच्या टोकाने लावा, ठिपका मोहरीएवढा पुरे, जास्त झाला तर वाळल्यावर चकाकतो. पट्टी संपते तिथे कात्रीने न कापता हाताने फाडा, फाटलेली कड मिसळून जाते आणि जोड दिसत नाही.

रांगोळीचे भाग मी पारदर्शक प्लास्टिक शीटवर चिकटवले म्हणजे दिवाळी झाली की उचलून मिठाईच्या खोक्यात सपाट ठेवता येतात. मध्ये पणती मात्र खरी ठेवू नका हं, कागद आहे, सेलवरचे दिवेच लावा, लहान मुलं असतील तर जास्तच काळजी. दारावरच्या तोरणाला वार्निशचे दोन हलके हात द्या, नाहीतर दमट हवेत वेटोळे सैल पडतात.

कंगव्याचा मला फार उपयोग झाला नाही. टूल आणि बोर्डासाठी पाचपैकी पाच, कागदासाठी दोन. आणि एक मोठी तक्रार आहेच, झेंडू! १० मिमीच्या पट्टीला एका कडेने बारीक बारीक काप देत जायचं, खाली २-३ मिमी अखंड ठेवायचे, गुंडाळून शेवट चिकटवायचा आणि गोंद वाळला की बोटाने काप बाहेरच्या बाजूला फाकवायचे, की गेंदेदार झेंडू तयार होतो. पण किटमध्ये १० मिमीची पट्टी एकसुद्धा नाही! दिवाळीचं नाव लावून विकताय तर केशरी आणि पिवळ्याचा एकेक गठ्ठा द्या ना, झेंडूशिवाय तोरण कसलं?