चरे पडलेल्या जुन्या गेम डिस्क: ९ महिन्यांचा अनुभव

भावाचा पीएस२ (प्लेस्टेशन २, टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र) माळ्यावरून खाली काढला आणि जुन्या डिस्क घ्यायचा नाद लागला. ९ महिन्यांत पीएस२, पीएस३ मिळून ३१ डिस्क झाल्या. त्यातल्या ४ बाद. आणि या चारही दुकानात चकचकीत दिसल्या होत्या!

सगळ्यात भयंकर दिसणारी म्हणजे 'गॉड ऑफ वॉर २'. लॅमिंग्टन रोडवर १५० रुपयांना घेतली. खालची बाजू अशी, की कुणीतरी तिच्यावर तारेची घासणी चालवली असावी. "चालली तर चालली," दुकानदार म्हणाला. शेवटपर्यंत चालली. कारण चरे मधून कडेकडे गेलेले होते. असा चरा लेझर क्षणात ओलांडतो, तेवढा तुटलेला डेटा चूक-दुरुस्तीच्या गणिताने भरून निघतो. ट्रॅकच्या (डेटाच्या गोल फिरणाऱ्या रेषेच्या) दिशेने गेलेला गोल चरा मात्र सलग डेटा खातो. मित्राने एक्सबॉक्स ३६० चालू असतानाच आडव्याचा उभा केला, तर डिस्कवर कंपासने काढल्यासारखं वर्तुळ. माझी पहिली बाद डिस्क अशाच एका वर्तुळाची; मला वाटलं, एकच तर चरा आहे.

पुढच्या दोन निळ्या बुडाच्या सीडी. पीएस२चे काही गेम सीडीवर यायचे. सीडीत डेटा १.२ मिमी प्लास्टिकच्या वर, लेबलच्या लगेच खाली असतो. कुणीतरी किमतीचं स्टिकर नखाने खरवडलेलं, त्यासोबत डेटाचा चंदेरी थरही निघाला. ट्यूबलाइटसमोर धरल्यावर सुईच्या टोकाएवढा उजेड आरपार दिसला. यावर इलाज नाही. डीव्हीडीत डेटा ०.६ मिमीच्या दोन थरांमध्ये असल्याने ती जरा सोशिक.

चौथी मी स्वतः घालवली. डीव्हीडीचे हलके चरे पांढऱ्या टूथपेस्टने (जेल नको), मधून बाहेर हात फिरवत दोनदा गेले होते, म्हणून पीएस३च्या ब्लू-रेवरही तोच प्रयोग. तिथे डेटा पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिमीवर, वर कडक लेप. सहसा चरा पडत नाही, पण घासायला गेलात तर लेपच जातो.

दुकानदार मेनू दाखवून मोकळा होतो, तेवढ्यावर जाऊ नका. गेम चौथ्या तासालाही अडकू शकतो. आणि पीएस२ने डिस्क न वाचता लाल पडदा दाखवला की लगेच डिस्कला शिव्या नकोत. माझ्याकडे न चाललेली एक डिस्क शेजाऱ्याकडे सुरळीत चालली. पीएस२मधली डिस्क वाचणारी लेन्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर माझ्याकडेही.

आता मी डिस्क उलटी करून बघायच्या आधी लेबल उजेडासमोर धरतो. दुकानात अजून चकचकीत बुडाचे ४०० आणि चरे पडलेलीचे १५०च घेतात. माझी काही तक्रार नाही.