थार, गगनबावड्याचा रस्ता आणि एक पावसाळा : नऊ महिन्यांनंतर

मेच्या शेवटी महिंद्राची थार गाडी घेतली. डिझेल, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद. घर कोल्हापुरात, शाळा गगनबावड्याच्या बाजूला, एका फेरीला पन्नासेक किलोमीटर. लोंघे, किरवे, मांडुकली, खोकुर्ले इथं पावसाळ्यात रस्त्यावर पाणी येतं, हे आमच्याकडं सगळ्यांना पाठ आहे. आधीची छोटी गाडी त्या दिवसांत दारातच उभी असायची. ही घेताना डोक्यात एकच आकडा होता : 650 मिलिमीटर. एवढ्या पाण्यातून ही गाडी जाते, असं कंपनी सांगते.

गाडीबद्दल मी समाधानी आहे. लिहायचंय ते त्या आकड्याबद्दल.

घरी टेप लावून बघितला. माझं चाक 255/65 आर 18, उंची साधारण 79 सेंटिमीटर. म्हणजे 650 ला चाकाचा वरचा 14 सेंटिमीटर भागच बाहेर राहतो. शिवाय हा आकडा साचलेल्या पाण्याचा आणि अगदी सावकाश चालवण्याचा. वेग वाढला की बंपरपुढं लाट उठते आणि तेच पाणी वर एअर फिल्टरकडं जायला बघतं. इंजिनात पाणी शिरलं की पिस्टनला ते दाबता येत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून चाकाच्या मधोमध, म्हणजे 40 सेंटिमीटरच्या आसपास, पाणी आलं की मी थांबतो.

पहिली परीक्षा शहरातच झाली. व्हीनस कॉर्नरला जयंती नाल्याचं पाणी साचलं होतं, गुडघ्याच्या खाली. लो रेंज (सावकाश, पण जास्त जोरानं चालायची गिअरची सोय) टाकली, पहिला गिअर, ॲक्सिलरेटर एकसारखा, क्लचला पाय लावला नाही. गाडी सरळ निघून गेली. मधेच समोरून ट्रक आला आणि त्याची लाट बॉनेटवर चढली, तेव्हा मात्र पोटात गोळा आला. तेव्हापासून समोरचं वाहन पाण्याबाहेर पडल्याशिवाय मी पाण्यात उतरत नाही.

खरं शिकायला मिळालं ते जुलैत, मांडुकलीला. पाणी हबच्याही, म्हणजे चाकाच्या मध्याच्याही, खाली दिसत होतं, पण वाहतं आणि गढूळ. मी लो रेंज टाकून तयारीत. कडेला उभ्या असलेल्या एका आजोबांनी काठी आडवी धरली. "सायब, पानी कमी दिसतंय, पर कडंची माती गेलीया. थांबा जरा." मी गाडी मागं घेतली. दोन दिवसांनी पाणी ओसरलं तेव्हा बघितलं, डाव्या बाजूची साइडपट्टी वाहून डांबराखाली पोकळी झाली होती. आजही तिथून जाताना मला ती काठी दिसते.

वाहत्या पाण्यात गाडी जड आहे याचा भरवसा धरू नये. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. पाणी गाडीच्या तळाला खालून टेकलं की त्यापुढं चढणारं दर 10 सेंटिमीटर पाणी, आत शिरेपर्यंत, गाडीला ढोबळमानानं पाचशे किलोंनी उचलतं. पावणेदोन टनांची गाडी अशी हलकी झाली की टायरची पकड सुटते. मग चारही चाकं फिरली तरी प्रवाह नेईल तिकडं जावं लागतं. साधारण दोन फूट वाहतं पाणी मोठ्या एसयूव्हीलाही ढकलून नेतं. पाण्याखालच्या बंधाऱ्यावरून तर कधीच नाही. तिथं कठडाही दिसत नाही.

पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं अंतर जायचं, पॅड सुकतात. सप्टेंबरात मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचं) तेल काढायला लावलं, ते दुधी निघालं. पाणी शिरलं होतं. लगेच बदललं. हा खर्च पाण्यातून ये-जा करणाऱ्यानं धरूनच चालावं.

विम्याचं बारकाईनं बघा. माझ्या सहकाऱ्याची दुसरी गाडी पाण्यात बंद पडली. त्यानं दोन-तीनदा स्टार्टर मारला, इंजिन गेलं. पॉलिसीत इंजिन प्रोटेक्शन, म्हणजे इंजिनासाठीचं जादा संरक्षण, घेतलेलं नव्हतं. विमा कंपनीनं इंजिनाचा खर्च नाकारला. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायची नाही, टोचन करूनच काढायची. पाण्यात शिरतानाच काचा खाली घेतो; वायरिंगनं दगा दिला तर दारं उघडायची वाट बघत बसायला नको.

आता सकाळी निघण्याआधी गगनबावड्याचा रात्रीचा पाऊस आणि राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी बघतो. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. पंचगंगा चढली की उपनद्यांचं पाणी पुढं सरकत नाही, फुगवटा मागं येतो. म्हणून पाऊस थांबला तरी आमचा रस्ता लगेच मोकळा होत नाही.

या पावसाळ्याआधी दोन्ही डिफरन्शियलच्या ब्रीदरच्या (हवा आत-बाहेर जायच्या) नळ्या, त्यातून पाणी शिरू नये म्हणून, वर घेऊन बसवणार आहे. आणि शाळेजवळ एक खोली बघितली आहे, जून ते सप्टेंबर. आईला सांगून ठेवलंय, पाणी आलं की मी तिथंच मुक्कामाला, वाट बघू नकोस.