चौघांना काढायचं, की सगळ्यांचे दिवस कमी करायचे?

धंदा बसला की छोट्या मालकापुढे शेवटी दोन वाटा उरतात. काहींना काढून उरलेल्यांना पूर्ण पगार द्यायचा, नाहीतर सगळ्यांना ठेवून सगळ्यांचेच कामाचे दिवस कमी करायचे. उधारी गोळा करणं, खर्च आवळणं, बँकेत जाऊन बसणं हे तोवर करून झालेलं असतं. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात माझं टिपर, म्हणजे खनिज वाहणारे ट्रक, दुरुस्तीचं गॅरेज आहे. पहिली वाट मी 2012 मध्ये धरली, दुसरी 2018 मध्ये. सध्या याच पेचात असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून दोन्ही सांगतो.

2012 च्या सप्टेंबरात राज्य सरकारनं लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचाही तसाच आदेश आला. खाणीवरून जेटीपर्यंत माल, तिथून बार्जनं मुरगाव बंदराला, या साखळीवर आमचा सगळा भाग जगत होता. टिपर दारात उभे राहिले आणि माझं गिऱ्हाईक एका आठवड्यात संपलं. माणसं 11 होती. चौघांना काढलं. नोटिशीचा महिना आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा पगार, असा हिशेब हातात दिला.

पैशांच्या बाजूनं ही वाट स्वच्छ आहे, हे मी आजही मानतो. एकदाच मोठी रक्कम जाते, पुढच्या महिन्यापासून पगाराचा आकडा खाली येतो. गेलेला माणूसही अडकून पडत नाही, दुसरीकडे हात मारायला मोकळा होतो.

मला त्रास झाला तो उरलेल्या सात जणांचा. त्या चौघांना मी एकेक करून केबिनमध्ये बोलावलं होतं. त्यानंतर मी कुणालाही केबिनमध्ये बोलावलं, की बाहेरचा ग्राइंडर बंद व्हायचा. हातोडी थांबायची. पार्टची ऑर्डर विचारायला एखाद्याला आत घेतलं तरी सहा जोडी डोळे दारावर. तो बाहेर येऊन मान हलवेपर्यंत कुणी पाना उचलत नसे. माझा आवाज चढला तर दिवस गेलाच. बोलावलेला माणूस आत येतानाच हात पुसून, खिशातला मोबाइल बंद करून यायचा, निरोपाच्या तयारीनं. एकदा थोरल्या मिस्त्रींना क्लच प्लेटचं बिल दाखवायला बोलावलं, तर ते उभ्याउभ्याच म्हणाले, "शेट, काय ते एकदाच सांगून टाका. रात्री झोप लागत नाही." माझ्या मनात त्यांना काढण्याचा विचारही नव्हता. पण हे मी आधी बोललो नव्हतो, आणि आता बोललो तरी विश्वास कोण ठेवणार? जवळजवळ दोन वर्षं हे चाललं. तेवढ्यात किती काम बुडालं ते मी मोजलेलं नाही. पण सात माणसांचा पगार देऊन मला पाच माणसांचंच काम मिळत होतं, असं मनापासून वाटतं.

मधे खाणी पुन्हा चालू झाल्या होत्या. 2018 मध्ये त्या परत थांबल्या, तेव्हा थोडी सवड मिळाली. 7 फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानं खाणींच्या 88 लीजचं नूतनीकरण रद्द केलं, काम थांबायचं होतं 16 मार्चला. मधल्या पाच आठवड्यांत मी सगळ्यांना शेडमध्ये एकत्र बसवलं आणि वही उघडी ठेवली. येणं किती, देणं किती, किती महिने तग धरेल. कागदावर पहिला आकडा मी घरी नेतो त्या रकमेचा लिहिला, तो निम्मा केला, आणि मग त्यांचं बोललो.

इथे एक बारकावा आहे. रोजाचा दर कापू नका, दिवस कापा. दर कापत गेलात तर किमान वेतनाच्या खाली जाल, आणि एकदा खाली आणलेला दर परत चढवताना प्रत्येक रुपयावर घासाघीस होते. दिवस मात्र काम आलं की आपोआप वाढतात. आम्ही आठवड्याचे चार दिवस धरले. तीनच का नाहीत? ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, आजारपणाच्या भत्त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात 78 दिवस भरावे लागतात. आठवड्याला तीन दिवस म्हणजे 26 आठवड्यांत बरोबर 78. गणपतीच्या चवथीला चार दिवस जास्त रजा झाली की माणूस त्यातून बाहेर. ठरलं ते सगळ्यांच्या सह्यांनी कागदावर घेतलं आणि मुदत घातली तीन महिन्यांची. मुदत संपली की पुन्हा वही उघडून बसायचं.

या वाटेतही खोट आहे. चौथ्या महिन्यात माझा सगळ्यात चांगला वेल्डर वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत गेला. ज्याला बाहेर मागणी असते तोच आधी जातो, हे धरून चाला. शिवाय अर्ध्या संसारावर माणसं किती काळ काढणार? आठव्या महिन्यापासून कुरबूर ऐकू यायला लागली, आणि ती रास्त होती.

तरीही गॅरेज चालू राहिलं. रिकाम्या दोन दिवसांत कोण काय आणू शकतो, हे माणसंच बोलायला लागली. शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या बालरथ बसगाड्यांची कामं थोरल्या मिस्त्रींनी ओळखीनं आणली. 2012 मध्ये त्यांच्या ओळखी काही कमी नव्हत्या, पण तेव्हा ते स्वतःची जागा राखण्यातच गुंतले होते. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, थोड्या दिवसांनी शेड उघडली, तेव्हा तोच कागद काढून तारीख बदलली. सही करायला कुणी वेळ लावला नाही.

तुमचं काम कायमचंच गेलं असेल, तर माझ्या या दुसऱ्या वाटेनं जाऊ नका. परत न येणाऱ्या कामासाठी माणसं धरून ठेवली तर त्यांचीच वर्षं वाया जातात. त्यांना लवकर आणि पूर्ण हिशेबानं मोकळं करणं हेच बरं. हातात दोन महिन्यांचेही पैसे नसतील तर निवडीला जागाच उरत नाही. पण काम थांबलंय आणि परत येण्याची शक्यता आहे, अशा वेळी मी तरी पुन्हा दिवसच कमी करीन.

2018 च्या त्या मार्चमध्ये माझं टेबल मी केबिनमधून शेडमध्ये, कॉम्प्रेसरशेजारी आणलं. आवाज फार होतो, फोनवर बोलायला बाहेर जावं लागतं. टेबल अजून तिथेच आहे, आणि केबिनमध्ये आम्ही टायर ठेवतो.