साखरेचे काजू की गुळाचे?

खानापूर भागातले काजू घरी पाकात घोळवायचे ठरले की आमच्या बेळगावकडच्या स्वयंपाकघरांत साखर घ्यावी की गूळ, हा प्रश्न येतोच. साखरेचा पाक सांभाळायला सोपा असतो. एक वाटी भाजलेल्या काजूंना अर्धी वाटी साखर आणि पाव वाटी पाणी घेऊन हलवत राहिल्यास पाणी आटताच साखर पांढरी, रवाळ होऊन काजूंना चिकटते, आणि घाबरून गॅस बंद न करता मंद आचेवर परतत राहिल्यास तीच साखर सुमारे १६० अंश सेल्सियसपुढे वितळून तांबूस, काचेसारखी चकाकते.

गुळाची गोष्ट निराळी. त्यात मुळातच ओलावा असल्याने चमचाभर पाणी पुरते. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकल्यावर कट्‌कन मोडला, तरच काजू घालावेत, कारण कच्चा पाक दाताला चिकटतो आणि क्षणभर उशीर झाला तर कडवटपणा येतो. शिवाय गूळ हवेतली ओल चटकन शोषतो. गेल्या जुलैत माझे गुळाचे काजू दुसऱ्याच दिवशी डब्यात एकमेकांना चिकटून बसले होते. तरीही गोकाकच्या करदंटाची, म्हणजे गूळ, डिंक आणि सुक्यामेव्याच्या मिठाईची, चव जिभेवर असलेल्यांना गुळाचा खमंगपणाच हवासा वाटतो, आणि मलाही. पण ओलीमुळे पावसाळ्यात मी साखर वापरते. दिवाळीपासून पुढे मात्र गूळच.